प्रसादानंतरचं नाटक

लखनौच्या आमच्या मंडळात गणपतीच्या पाचव्या दिवशी नाटक होई आणि नऊ वर्षं ते दिनकर हिर्लेकरच लिहीत. रेल्वेतले इंजिनिअर. त्यांचे पूल टिकत. नाटकं पहिल्या प्रवेशातच खचत. तरी हॉल शेवटपर्यंत भरलेला असे, कारण शिऱ्याचा प्रसाद नाटक संपल्यावर मिळे.

हे कारण दिनकररावांना अठ्ठ्याहत्तर साली कळलं. उशिराच कळलं, पण इंजिनिअर माणूस. लगेच चाचणी घ्यायला निघाले.

"यंदा प्रसाद आधी," त्यांनी मंडळाचे सेक्रेटरी गजेंद्र यांना सांगितलं. "नंतर वीस माणसं उरली तर लिहीत राहीन. नाहीतर कायमचं बंद."

"वीस जरा जास्त होतात हो," सेक्रेटरी काळजीने म्हणाले. "दहा धरा."

दहा ठरले.

"अहो, मला धरून का?" बायकोने, हेमाताईंनी विचारलं.

"सोडून. तू घरची."

शिरा फार सुरेख झाला होता, तिथेच घात झाला. लोकांनी खाल्ला, हात धुतले आणि "उद्या मुलांची शाळा" म्हणत रिक्षा गाठल्या. दुसऱ्या दिवशी रविवार होता. पडदा उघडला तेव्हा समोर हेमाताई सोडून सात जण. दोघे झोपलेले. एक शेजारचे मिश्राजी, त्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून ते प्रत्येक वाक्याला "वाह!" म्हणत होते. दिनकररावांनी विंगेतून तीनदा मोजलं. सातच भरले.

सकाळी चहाच्या वेळी त्यांनी नाटकाच्या वह्या ट्रंकेत टाकल्या. "संपलं," ते म्हणाले. आवाज साधाच होता, पण झाकण त्यांना दोनदा लावावं लागलं.

त्यांची चौदा वर्षांची मुलगी उल्का पाव बुडवत बघत होती. नाटकात ती आत्या झाली होती. एरवी आईबाबा मराठीत बोलत आणि ती हिंदीत उत्तर देई.

"बाबा, सच में बंद?"

"हो."

"फिर मैं मराठी कब बोलूँगी?"

"घरी बोल की!"

"घर पर सूझता ही नहीं. आप लिख देते हैं तो आ जाता है."

दिनकरराव हेमाताईंकडे बघू लागले. हेमाताई चहा गाळत राहिल्या. नंतर म्हणाल्या, "महिनाभर पाठ करत फिरत होती. न्हाणीघरातसुद्धा."

"अकरा वाक्यं होती तिला," दिनकरराव म्हणाले.

"बारह," उल्का म्हणाली. "एक मैंने जोड़ दिया था. किसी ने पकड़ा नहीं."

"कुठलं?"

"सामने वाले अंकल उठकर जा रहे थे ना? तो मैंने कहा," आणि तिने कमरेवर हात ठेवला, "बसा हो, कुठे निघालात? अजून माझं बोलून झालेलं नाही!"

"मग?"

"बैठ गए बेचारे."

दिनकररावांनी चष्मा काढून पुसला. मग हातातला चहा तसाच ठेवून आत गेले आणि ट्रंक उघडल्याचा आवाज आला.

पुढच्या वर्षीचं नाटक त्यांनी जूनमध्येच सेक्रेटरींच्या हातात दिलं. सेक्रेटरींनी पानं पुन्हा पुन्हा उलटली.

"दिनकरराव, यात उल्काच एकटी बोलतेय. बाकीचे सहाजण नुसतं 'हं' म्हणतात. ते करतात तरी काय?"

"ऐकतात," दिनकरराव म्हणाले.