मुरलेला कापूस

"ह्याचं अंथरूण कशाचं आहे?" कुत्र्याच्या छातीवरची नळी न काढताच जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कापसाचं. माझ्या हातचं," गादीवाली मान ताठ करून म्हणाली. "राजाच्या नशिबी नाही असलं."

"नवा कापूस?"

"नवा गिऱ्हाइकाला. जुना मऊ असतो, मुरलेला. तो घरच्याला."

टेबलावर तिचा कुत्रा, ढब्बू, धापा टाकत होता. बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या.

"आजी, त्या मुरलेल्या कापसात बुरशी होती. ती ह्याच्या फुप्फुसात रुजलीय."

"आमच्या पिढ्यान्‌पिढ्या कापसात खोकल्या, कुणी मेलं नाही! आणि ह्याच्या रक्ताच्या आजारावर गोळ्या तुम्हीच दिल्यात ना? मग बिघडलं कसं?"

"दिल्या. ह्याचं अंग स्वतःचंच रक्त नासवत होतं. अंगातला राखणदार वेडा होऊन घरच्यांवरच काठी चालवत होता, म्हणून त्याला गुंगी दिली. आता तो पेंगतोय, आणि एरवी दारातूनच परतला असता असा हा बुरशीचा चोर आत शिरलाय. गोळ्या एकदम बंद करता येत नाहीत. बुरशीवर औषध देते, ते बरेच महिने चालेल. पण परत कापसात नेलंत, तर औषध वाया आणि कुत्राही."

गादीवालीचं घर म्हणजे पुढे पिंजायचं यंत्र, मागे चूल आणि मध्ये सगळा कापूस. जेवताना ताटातसुद्धा तंतू. नवरा गेल्यावर तिने एकटीने यंत्र चालवलं, मुलगा वाढवला, पण कुणाच्या दारात उभी राहिली नाही. धूळ नसलेलं घर तिच्या माहितीत एकच होतं, मुलाचं. तिथे सुनेने दुकानातून फोमची गादी आणली, तेव्हा "गादीवालीच्या घरात स्पंज? तुझ्या दारात पाय ठेवणार नाही!" असं ठणकावून ती निघून आली होती. बोललेलं गिळायची सवय तिच्या घशाला नव्हती.

तरी ढब्बूला छातीशी धरून ती सरळ तिथेच गेली. दार सुनेने उघडलं.

"तुझा तो स्पंज धूळ सोडत नाही ना?"

"नाही, आई."

"मग ह्याला त्याच्यावर झोपव." मग जीभ जड झाली. "म्हणजे... झोपवशील का? औषध वेळेवर द्यावं लागेल."

सुनेने कुत्र्याला अलगद घेतलं. "झोपवीन की. तुमच्यापेक्षा कमीच भुंकतो तो."

"जीभ तेवढी माझी उचललीस!" गादीवालीला हसू आलं.

"आत या ना, आई."

तिने पाय उचलला आणि तिचं लक्ष बाहीकडे गेलं. कोपरापर्यंत पांढरे तंतू. केसांत, नखांत, पायांच्या भेगांतही. तिने पाय मागे घेतला.

"नको. दार लाव. माझ्या अंगावरचं उडेल."

"अंघोळ करून या मग."

"जन्माचं आहे गं. एका अंघोळीत जातंय थोडंच?"

दार लागलं. आतून ढब्बूचा खोकला ऐकू आला, मग सुनेचा समजावणीचा आवाज. गादीवाली जिना उतरली. वारा कुठून येतोय ते तिने गाल फिरवून पाहिलं. मग रस्ता ओलांडून, आपल्या अंगावरून वारा सुनेच्या खिडकीकडे जाणार नाही अशा बाजूला ती उभी राहिली.