सात वाकडे टाके

ऑर्विल क्रायडरने नोट पाकिटातून काढली आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. अंगठा कुठेच अडला नाही.

त्याने पुन्हा फिरवला. १७६० सालची, पेनसिल्व्हेनियाची वीस शिलिंगांची नोट; मागे झाडाच्या पानाचा ठसा. कधीतरी ती मधोमध फाटली होती आणि त्याच काळातल्या कुणीतरी सुईदोऱ्याने सांधली होती. सात टाके, सातही वाकडे, शेवटी मोहरीएवढी गाठ. नजरेचा मधला भाग विझल्यापासून तो ही नोट त्या गाठीवरूनच ओळखत असे.

"वेर्ना, या नोटेला हात लावलास?"

"नुसता हात?" थोरली बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली. "उसवून नीट शिवली. घरी पाहुणी यायची, आणि तुझी नोट गोणपाटासारखी. चाळीस वर्षं चर्चच्या गोधड्या शिवतेय मी. माझ्या घरात असली शिवण लोकांना दाखवू?"

"जुना दोरा कुठंय?"

"कुजका दोरा कशाला ठेवायचा? कुंपणावर टाकला. पाखरं नेतात घरट्याला."

तो दारापर्यंत गेला. कुंपण म्हणजे एक लांबट हिरवा डाग होता. थोडा वेळ उभा राहून तो परत खुर्चीत येऊन बसला.

अकरा वाजता जिल्ह्याच्या इतिहास मंडळाची जोन हॉस्टेटर आली. त्याने बत्तीस वर्षांत जमवलेल्या एकेचाळीस नोटा मंडळ एकत्र ठेवणार होतं, ते या एका शिवलेल्या नोटेसाठी. नाहीतर लिलावात त्या एकेक करून चहूकडे पांगल्या असत्या.

जोन भिंग घेऊन वाकली. वेर्नाने काकवीच्या केकची बशी तिच्यापुढे सरकवली.

"मिस्टर क्रायडर," जोन हळूच म्हणाली, "हा दोरा पॉलिस्टरचा आहे."

"पक्का आहे," वेर्ना म्हणाली. "शंभर वर्षं हलायचा नाही."

जोनने भिंग खाली ठेवलं. तिचा चेहरा ऑर्विलला दिसत नव्हता. सकाळी डोळ्यांत थेंब वेर्नानेच घातले होते. मोज्यांची जोडीही तिनेच लावून दिली होती.

"हो," तो म्हणाला. "दोरा नवा आहे. तसं लिहून घ्या."

"तसं लिहिलं, तर मंडळाची समिती हा संग्रह..."

"माहीत आहे मला."

जोनने केकचा एक घास घेतला, छान झालाय म्हणाली आणि निघाली.

मोटारीचा आवाज विरल्यावर वेर्ना त्याच्या शेजारी बसली.

"नेणार ना रे?"

"कळवतील."

"टाके बघितले तिने?"

"बघितले. भिंगातून."

"मग?"

तो नोट पाकिटात सरकवू लागला. पाकिटाचं तोंड सापडेना. वेर्नाने त्याचं बोट धरून ते दाखवलं.

"एकसारखे आहेत म्हणाली."

"असणारच," वेर्ना म्हणाली. "आधी शिवणारीला डोळे नव्हते की काय, देव जाणे."