जिल्ह्याला न गेलेली नळी

मी एक जुनी लघवीची नळी आहे. हसू नका, मित्रांनो! पिवळ्या रबराची मी, कारखान्यातून पाकिटबंद होऊन औशाच्या दवाखान्यात आले. लातूर नुकताच उस्मानाबादपासून वेगळा जिल्हा झाला होता आणि पावसानं दुसऱ्या वर्षीही पाठ फिरवली होती.

जवळच्या खेड्यातल्या सिद्रामप्पांची लघवी तुंबली, तेव्हा डॉक्टरांनी मला त्यांच्या मूत्राशयात बसवलं. घटकाभरात आराम पडला. "लई उपकार झाले बघ तुझे," आप्पा मला म्हणाले. मी फार फुशारले.

कंपाउंडर मकबूलभाईंनी बजावलं, "आप्पा, पाणी भरपूर प्या. अन् महिन्याच्या आत जिल्ह्याला जाऊन नळी बदला."

पाणी! गावात टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. एका घागरीसाठी सून दानम्मा रांगेत भांडायची. तिचे हाल बघवेनात म्हणून आप्पा दोन घोटांवर भागवायचे. "तहानच न्हाई मला," म्हणायचे. खोटं! मला आतून कळत होतं ना. लघवी घट्ट झाली. माझ्या अंगाला शेवाळासारखा बुळबुळीत थर चढला आणि त्यात जंतूंनी घर केलं. असा थर गोळ्यांना दाद देत नाही. नळीच बदलावी लागते.

महिना भरला. दानम्मा म्हणाली, "मामंजी, जिल्ह्याला जाऊ."

"उस्मानाबाद का जवळ हाय? टँकर चुकला तर लेकरं काय पितील? चालून राहिली की नळी!"

जन्मभर त्यांचा जिल्हा उस्मानाबादच होता. अहो आप्पा, लातूरची एसटी दारावरून जाते! मी जीव तोडून सांगत होते. पण नळीचं कोण ऐकतं?

दुसराही महिना सरला. मी तुंबले. आप्पांना हुडहुडी भरून ताप आला. दानम्मानं त्यांना औशाला नेलं, तर मकबूलभाईंनी कपाळावर हात मारला. "अगं माय, जिल्हा आता लातूर हाय! तासाभराची वाट!"

लातूरला मला काढून नवी नळी घातली. पण जंतूंचं विष रक्तात भिनलं होतं. पहाटे आप्पांनी पहिल्यांदाच पाणी मागितलं. दानम्मानं तांब्या तोंडाला लावला. "प्या की हो मामंजी, आता कुणासाठी राखता?" त्यांना गिळता आलं नाही. उजाडता उजाडता ते गेले.

मी कॉटखालच्या बादलीत पडले आहे. मित्रांनो, घरात कुणाला नळी असेल तर हात धुऊनच तिला हात लावा. आजाऱ्यानं नको म्हटलं तरी पाणी पाजा. बदलायची तारीख कागदावर लिहून घ्या आणि जिथं जायचं त्या गावाचं नावही लिहा. नुसतं 'जिल्हा' लिहू नका. आमचे आप्पा तेवढ्या एका शब्दापायी गेले.