जळतंय म्हणून पेढे

देव अक्कल वाटत होता तेव्हा आमचे पाहुणे जेवायला बसले असावेत.

मांजरी गावातलं रान बिल्डरला विकल्यावरही मी त्याची इमारत बघायला रोज जायचो, जणू माझ्या बापाचीच. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावरून पडलो, मणका तुटला आणि कमरेखाली सगळं बधिर झालं. बधिर, आणि तरीही पाय निखाऱ्यावर ठेवल्यासारखे जळतात. डॉक्टर मंदाकिनीबाईंनी नीट सांगितलं होतं, "हिंदुराव, दुखावलेल्या नसा मेंदूकडे खोट्या कागाळ्या करतात. गोळ्या घ्या, व्यायाम करा. आग पूर्ण जाणार नाही, पण झोप लागेल." खरंच लागायची.

मग माझा मेहुणा बद्रीनाथ समाचाराला आला. सोबत कुठलंसं तेल, आणि तेलापेक्षा स्वस्त ज्ञान. "जळतंय म्हंजे जीव येतोय, दाजी! गोळ्यांनी तुमी तो मारताय." झालं! बायकोनं, तुळजाबाईनं, गोळ्या बंद केल्या. संगणक कंपनीत लठ्ठ पगार घेणारा माझा रविराज म्हणाला, "पॉझिटिव्ह साइन आहे, बाबा." इंजिनिअर म्हणे! तुळजाबाईनं भावकीत पेढे वाटले. माणूस जळतोय आणि घरात पेढे!

त्यानंतर येणारा-जाणारा विचारायचा, "जळतंय का?" मी "लई" म्हटलं की सगळे खूश. कण्हलो की अजूनच खूश. तुळजाबाईचा चेहरा तर असा उजळायचा, की तिच्यासाठी मीही लाचारासारखा हसायचो. आठ दिवस डोळ्याला डोळा लागला नाही.

नवव्या दिवशी बद्रीनाथ तेलाची दुसरी बाटली घेऊन आला आणि माझं टाळकं सरकलं.

"पाय येनार न्हाईत. तुजं तेल घे आन् नीघ!"

तो तोंड वाकडं करून गेला. तुळजाबाई तिथंच उभी होती. आता ही रडणार, या भीतीनं मी नजर वळवली.

ती आत गेली. फोनवर बोलल्याचा आवाज आला. मग गोळी आणि पाणी घेऊन आली.

"डॉक्टरीणबाई म्हनल्या, आज एकच द्या. उद्या बोलावलंय."

"पाय येनार न्हाईत, तुळजा."

"ते मला पयल्या दिवशीच कळलं व्हतं."

"मग गोळ्या बंद का ठेवल्यास?"

"जळतंय म्हनताना तुमी हसायचा," ती म्हणाली. "दोन वर्सांत पयल्यांदा."