भोंगाताईंचा गुरुवार

आरोग्य केंद्रात केसपेपर काढणाऱ्या ताईंना मागे सगळे भोंगाताई म्हणत. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती. सव्वीस वर्षं त्या मान वर न करता पुकारत आल्या होत्या, "दात, सात!" "हाडं, अकरा!" त्या आवाजाने फाटकाशी पेंगणारा म्हाताराही दचकून आत येई. कुणाचा नंबर हुकलाच तर दोष त्याच्या कानांचा, आपल्या घशाचा नाही, असा ताईंचा हिशेब.

फक्त गुरुवारचा हिशेब जुळत नव्हता. त्या दिवशी मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई येत. रजिस्टरात दहा-बारा नावं पडत, पण बाईंच्या खोलीत पोचत दोन, फार तर तीन. उरलेल्यांपुढे ताई लाल पेनाने लिहीत, 'आला नाही'. आता वरून पत्र आलं होतं. दोन महिन्यांत खोली भरली नाही, तर गुरुवार बंद.

पत्र वाचून ताईंना आधी आठवला तो धाकटा भाऊ. भाऊ घड्याळं दुरुस्त करी. बायको गेल्याला सात महिने झाले होते. दुकान रोज उघडे, पण काटे जिथे थांबले होते तिथेच राहत. ताईंनी पाठवलेला डबा "जेवलो की" अशा निरोपासह भरलेलाच परत येई. दर बुधवारी त्या बजावत, "उद्या ये रे. मी आहे ना तिथे!" तो म्हणे, "बघू."

एकदा समोरचा सलूनवाला रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आला आणि खिडकीशीच घुटमळला.

"ताई, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"रागावेन. बोल."

"मागच्या गुरुवारी मानसोपचाराचा चार नंबर कोण होता?"

ताईंनी पान उलटलं. नाव अनोळखी, अक्षर कंपाउंडरचं. पुढे त्यांचं स्वतःचं लाल 'आला नाही'.

"आला होता. तुमचा भाऊ," सलूनवाला म्हणाला. "तुम्ही चहाला गेलात तेव्हा खोटं नाव सांगून केसपेपर काढला. वीस मिनिटं बाकावर बसला. मग तुम्ही ओरडलात, 'मानसोपचार, चार!' इंजेक्शनची अख्खी रांग वळून बघायला लागली. हा उठला तो थेट माझ्या खुर्चीत. दाढी आदल्याच दिवशी केली होती हो मी त्याची."

"आणि तू गावभर सांगत सुटलास?"

"गिऱ्हाइकाचं बोलणं मी केसांबरोबर झाडून टाकतो, ताई. हे तोच म्हणाला, 'अक्काला सांग, मला जमायचं नाही.'"

त्या दुपारी ताईंनी जुनी पानं मोजली. 'आला नाही', अठ्ठ्याऐंशी वेळा. सगळे आले होते. सगळ्यांना त्यांच्या घशाने हाकललं होतं.

पुढच्या गुरुवारी त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या रिकाम्या खोलीत तिघांना बसवलं: खुद्द बाई, सलूनवाला आणि केंद्राला लागून दुकान असलेल्या शिलाईकाकू.

"लोक मला नाही, त्या बाकाला भितात," बाई म्हणाल्या.

"मग माझ्या मागच्या खोलीत बसा की," काकू म्हणाल्या. "माझ्याकडे कोण कशाला आलं, कुणी विचारत नाही. पडदा आहे, दार आहे. मशीन चालू असलं की आतलं अक्षर बाहेर येत नाही."

"आणि अडलेला माणूस माझ्या ध्यानात येतोच," सलूनवाला म्हणाला. "कानात सांगेन, काकूंकडे जाऊन ये."

"पण नंबर कसे पुकारायचे?" ताईंनी विचारलं.

तिघंही त्यांच्याकडे बघत राहिले.

"बरं, बरं! नाही पुकारत!"

काकूंनी पिशवीतून बटणांचा डबा काढून पुढे सरकवला. येणाऱ्याला एक बटण द्यायचं. बाईंनी पडदा सारून त्याच्या जोडीचं दाखवायचं, की तो आत. "आणि तू माझ्यासारख्या तोंडात टाचण्या धर," काकूंनी ताईंना सुचवलं. "बोलताच येत नाही."

वरून परवानगी आणायला बाईंना तीन खेटे घालावे लागले. मग पहिल्या गुरुवारी सहा आले, दुसऱ्या गुरुवारी अकरा. केंद्राची खिडकी कंपाउंडरवर सोपवून ताई मशीनशेजारी रजिस्टर मांडून ओठ मिटून बसत. घसा शिवशिवे, त्या पाणी पीत.

तिसऱ्या गुरुवारी भाऊ आला. काखोटीला एक उसवलेली पँट. ताईंनी पँट काकूंकडे दिली आणि त्याच्या तळव्यावर निळं बटण ठेवलं. तो कोपऱ्यात बसून ते बटण न्याहाळू लागला, जसं एके काळी घड्याळातलं चाक न्याहाळायचा.

पडदा हलला. बाईंनी निळं बटण दाखवलं. त्याचं लक्षच नव्हतं. ताईंच्या गळ्याशी सव्वीस वर्षांची हाक आली. त्यांनी ती गिळली, उठल्या आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्याने वर पाहिलं. "अक्का, आवाज बसला का गं तुझा?"

"बसला," त्या कुजबुजल्या. "जा."

पाऊण तासाने तो बाहेर आला. डोळे लाल होते. कुणाकडे न बघता पायऱ्या उतरला. काकूंच्या हातात शिवलेली पँट तशीच. ताईंनी हाक मारायला तोंड उघडलं, पण काकूंनी त्यांचा दंड दाबला.

"राहू दे गं. पुढच्या गुरुवारी नेईल."

ताईंनी पँटची नीट घडी घालून ती रजिस्टराखाली ठेवली. मग लाल पेनाला टोपण लावलं आणि निळ्या पेनाने लिहिलं, 'आला.'