खांबाच्या पोटातली शिडी

मी शिडी बोलतेय. माझ्यावरून आजवर एकही माणूस चढलेला नाही. खाडीवरच्या पुलाच्या खांबात, काँक्रीटच्या पोटात मला पुरलंय. वीतभर लांबी, सहा पायऱ्या. पहिली पायरी पाण्याच्या बाजूला, शेवटची खांबाच्या सळ्यांना खेटून.

माझ्यावरून चढतं ते मीठ. खाऱ्या पाण्यातून खांबात शिरतं आणि एकेक पायरी करत सळ्यांकडे येतं. त्याला घाई नसते. ज्या पायरीवर ते पाय ठेवतं ती गंजू लागते, आणि गंजता गंजता वायरीतून बारीक करंट सोडते. तेच माझं बोलणं.

मला सळ्यांना बांधलं एका म्हाताऱ्या फिटरने. तारेला शेवटचा पीळ देऊन त्याने मला अंगठ्याने चाचपलं. म्हणाला, "पोरी, तू गप्प राहिलीस तरच आम्हाला झोप. बोलणाऱ्या घरी पुष्कळ आहेत." मग वरून काँक्रीट आलं आणि उजेड गेला. त्याचं हसू तेवढं माझ्याबरोबर आत राहिलं.

पुढे ओहोटी बघून एक बाई होडीतून येऊ लागली. खांबावर माझी वायर जिथे बाहेर निघते त्या डबीचं झाकण उघडायची, मीटर लावायची आणि विचारायची, "काय म्हणतेस गं?" मी काहीच म्हणत नसे. ती खूश व्हायची. तेवढ्यात वरून दोन छोटे हॉर्न वाजायचे. "आले आमचे हे," ती होडीवाल्याला सांगायची. "बस माणसांनी भरलीय आणि हौस बघा."

मी समोरून वाट बघत होते. मीठ मागून आलं, केसाएवढ्या भेगेतून. पुढच्या दाराकडे डोळे लावून बसावं आणि मागून खांद्यावर गार हात पडावा, तसं माझ्या पाचव्या पायरीला झालं.

"साहेब, पाचवी बोलतेय," बाई फोनवर म्हणाली.

"आणि आधीच्या चार?"

"गप्प आहेत."

"मग डबीत पाणी गेलंय. उडी मारून शिडी चढतं का कुणी? पुसून परत बघ."

तिने पुसलं. मी तेच बोलले. "तुझंच डोकं फिरलंय," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात सुटल्यासारखं होतं. तिलाही तेच हवं होतं.

वरून दोन हॉर्न वाजले. बसच्या ओझ्याने खांबाने अंग चोरलं. भेग ओठांसारखी उघडली, पाणी प्यायली, मिटली. बाईचा हात खांबावर होता. तिने तो झटकन काढला. मग होडी खांबाभोवती फिरवायला लावून तिने हातोडीने खांब ठोकला. टण्. टण्. मागच्या बाजूला मात्र पोकळ ढप्प, आत कुणी राहत असल्यासारखं.

तिने आधी फोन लावला तो नवऱ्याला. "अहो, परत फिरू नका. तिकडेच बस उभी करा... का ते विचारू नका. लांबच्या रस्त्याने या. उशिरा या, पण या."

पूल बंद झाला. माणसांनी मागची भेग लिंपली, वर रंग दिला. मीठ आतच राहिलं. बाहेरून कडी लावलेल्या खोलीत कुणी बसून राहावं तसं. वर एकही चाक नसताना खांब अधूनमधून अंग चोरायचा. कुणाचं ओझं होतं, मला ठाऊक नाही.

माझी पाचवी संपली. सहावीही संपली. सळ्यांशी मिठाचं काय चाललंय ते मला ऐकू येतं, पण माझी वायर गंजून तुटलीय.

आज बाई आली. मीटरवर शून्य. "बघा, गप्प झाली," ती होडीवाल्याला म्हणाली. "उद्यापासून आमच्या ह्यांची बस सुरू."

बाई, आजवर माझं गप्प राहणं ही चांगली बातमी होती. आज तसं नाही. मी गप्प आहे, कारण मला खाऊन झालंय. तू डबीचं झाकण लावलंस, मीटर पिशवीत टाकलंस. पिशवीच्या तळाशी तुझी हातोडी खणकन वाजली, मी ऐकलं.

काढ ती. एकदाच ठोक, आणि कान लाव.