चिमणीवरचा पहारा

वर्गात तिला सगळे हवालदार म्हणत, आणि बाईसाहेबांचा थाटही तसाच! जिवाभावाच्या मैत्रिणीला, म्हणजे चिमणीला, मधुमेह आहे असं कळल्या दिवसापासून तिनं डोळ्यांत तेल घालून पहारा बसवला होता. कुणी चॉकलेटं वाटली की चिमणीच्या वाटणीचं हवालदाराच्या तोंडात. 'मधुमेह असल्यास गोड टाळा' हे तिनं घोकून पाठ केलं होतं, आरोग्याच्या पेपरात पैकीच्या पैकी मिळवले होते. आता तिला कोण शिकवणार?

त्या दिवशी मैदानावर धावण्याचा सराव होता. दोघी नळापाशी दम खात बसल्या. बाकीच्या पार दुसऱ्या टोकाला. चिमणीला दरदरून घाम फुटला होता, हात लटलटत होते. तिनं दप्तरातून ग्लुकोजची पुडी काढली, तोच हवालदारानं झडप घातली.

"अगं बये, विष खातेस का? सांगू तुझ्या आईला?"

"दे... दे ना." चिमणीची जीभ जड झाली होती.

"मुळीच नाही. तुझ्या भल्यासाठीच सांगतेय."

चिमणी रडायला लागली. रोज सुई टोचून घेताना हूं की चूं न करणारी पोरगी ढसाढसा रडत होती! हवालदारानं पुडी मुठीत घट्ट आवळली. पुडी दिली आणि हिचं काही बरंवाईट झालं तर? नाही दिली आणि झालं तर? समोर मैत्रीण पांढरीफटक पडत चालली होती.

"मरोत ते मार्क!" म्हणत तिनं पुडी पाण्याच्या बाटलीत रिकामी केली आणि बाटली चिमणीच्या ओठांना लावली. घोट घोट ती प्यायली. मग हवालदारानं बोंब ठोकून खेळाच्या सरांना बोलावलं. ते धावत येईस्तोवर चिमणीच्या चेहऱ्यावर रंग परतू लागला होता.

"साखर फार उतरली होती," जरा वेळानं चिमणी म्हणाली. "इन्सुलिन घेऊन जास्त पळलं की उतरते. तेव्हा गोड लागतंच, नाहीतर मी बेशुद्ध पडेन."

"मग आधी बोलली का नाहीस, शहाणे?" घाबरलेली हवालदार तिच्यावरच खेकसली.

"तू विचारलंस कधी? वर्षभर मला काय चालतं, काय नाही, ते तूच मला सांगतेस."

हवालदारानं पुस्तक वाचलं, तक्ते वाचले, बाईंना शंका विचारून भंडावून सोडलं. जिचा आजार तिला तेवढं विचारलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

ती चिमणीसमोर मातीतच फतकल मारून बसली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "आता सांग. अगदी पहिल्यापासून सांग."